पाव की रस ऑम्लेट: मुक्त स्रोत प्रकल्पाची वेबसाइट कशावर उभी करावी?

5 जानेवारी 2025 रोजी ड्रुपल 7 या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरची अधिकृत देखभाल बंद झाली. बरोबर चौदा वर्षांपूर्वी, 5 जानेवारी 2011 ला ते बाहेर आलं होतं. ही देखभाल बंद होण्याच्या तीन-चार महिने आधी वर्डप्रेस या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जगात भांडण पेटलं आणि ते अमेरिकेच्या कोर्टात जाऊन पोचलं. संगणकवाल्यांच्या वर्तुळाबाहेर या दोन्ही बातम्यांची फारशी चर्चा झाली नाही. पण त्यांचे हादरे फोंड्या-म्हापशापर्यंत येतात, कारण आपल्या शाळेची, देवस्थानाची, पतसंस्थेची वेबसाइट अशाच कशावर तरी उभी असते. आणि मला तर हल्ली एकच प्रश्न सारखा विचारला जातो: "ताई, आमच्या प्रकल्पाची साइट कशावर करू?"

विचारणारी बहुतेक मुक्त स्रोत प्रकल्पांत काम करणारी मुलं असतात. मुक्त स्रोत म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असं सॉफ्टवेअर. आमचाही असा एक छोटा प्रकल्प आहे. जुन्या डीटीपी (म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायच्या) फॉन्टांत टंकलेला मराठी-कोंकणी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतांत आणायचा, एवढंच त्याचं काम. गोव्यात नाटकांच्या संहिता, देवस्थानांच्या स्मरणिका, दिवाळी अंक असं कितीतरी त्या फॉन्टांत अडकून पडलंय. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी नुसता चिन्हांचा चिखल. आम्ही पाच जण आहोत, सगळे नोकऱ्या सांभाळून हे करतो. साइटच्या बाबतीत आम्ही आधी चुकलो आणि मग सुधारलो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

## सीएमएस म्हणजे काय?

वेबसाइट म्हणजे मुळात फाइलींची एक पिशवी. प्रत्येक पानाची एक फाइल, तिच्यात मजकूर आणि तो कसा दिसावा याच्या खुणा. फोन नंबर बदलायचा झाला तर कुणीतरी ती फाइल उघडायची, बदलायची आणि पुन्हा चढवायची. पानं पाच असतील तर हे चालतं. पन्नास झाली, लिहिणारे चार झाले, की गोंधळ होतो.

हा गोंधळ आवरायला जे सॉफ्टवेअर वापरतात ते सीएमएस. मराठीत त्याला आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात, पण बोलताना सगळे सीएमएसच म्हणतात, म्हणून पुढेही तेच. आपण नाव आणि पासवर्ड घालून आत जायचं, समोर आलेल्या चौकटीत लिहायचं, 'प्रसिद्ध करा' दाबायचं. मथळा कुठे जाईल, मेनूत काय दिसेल, कुणाला लिहायचा अधिकार आणि कुणाला फक्त सुधारायचा, हे सगळं ते सांभाळतं.

## पोदेराचा पाव आणि गाड्यावरचं ऑम्लेट

सीएमएसची नावं ढीगभर आहेत. ती पाठ करण्याआधी एकच फरक नीट समजून घेतला तर निम्मं काम होतं.

आपला पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटेच भट्टी लावतो. उंडे, पोई, काकणं, सगळं भाजून टोपलीत भरतो आणि सायकलचा भोंगा वाजवत वाड्यावाड्यावर फिरतो. आपण दारात गेलो की तयार पाव हातात. मागणी दहाची असो की पन्नासाची, दारात त्याला काही शिजवावं लागत नाही. संध्याकाळी रस ऑम्लेटच्या गाड्यावर मात्र उलटी गोष्ट. आपण सांगितल्यावर अंडी फुटतात, तव्यावर पडतात, वर गरम रस ओतला जातो. प्रत्येकाला हवं तसं मिळतं: कांदा कमी, तिखट जास्त. पण त्यासाठी गॅस पेटलेला हवा, माणूस उभा हवा. आणि पन्नास जण एकदम आले तर रांग लागते.

वर्डप्रेस, ड्रुपल, जुमला हे ऑम्लेटवाले. वाचकानं पान मागितलं की सर्व्हरवर, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकावर, एक प्रोग्राम जागा होतो, डेटाबेस नावाच्या कोठारातून मजकूर काढतो, साच्यात ओततो आणि गरमागरम पान पाठवतो. ह्युगो आणि जेकिल हे पोदेर. आपण मजकूर साध्या फाइलींत लिहायचा, प्रोग्राम एकदाच चालवायचा, की सगळी पानं भाजून तयार. सर्व्हरवर फक्त तयार फाइली बसतात. तिथे शिजत काही नाही, त्यामुळे करपतही काही नाही. अशा साइटला स्थिर साइट म्हणतात. पानं भाजणारा प्रोग्राम काटेकोर अर्थानं सीएमएस नव्हे, पण निवड करताना तो त्याच रांगेत उभा असतो.

## ही नावं आली कुठून?

वर्डप्रेस 2003 साली आलं. बी2 नावाचं एक सॉफ्टवेअर त्याच्या कर्त्यानं सोडून दिल्यासारखं झालं होतं. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी त्याचाच कोड घेऊन पुढे काम सुरू केलं. आज जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चारांहून जास्त वर्डप्रेसवर आहेत. ड्रुपल 2001 चं, बेल्जियमच्या ड्रिस बाउतार्टचं. जुमला 2005 मध्ये मांबो नावाच्या सीएमएसमधून फुटून निघालं. त्याचं नाव स्वाहिली 'जुम्ला'वरून घेतलंय, अर्थ 'सगळे मिळून'. जुन्या मराठी हिशेबांत एकूण बेरजेला जुमला म्हणत, तोच हा शब्द. अरबीतून तो तिकडेही गेला आणि इकडेही आला. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, म्हणून सांगितलं. निवडीला त्याचा उपयोग नाही.

पोदेरांमधला जेकिल 2008 चा आणि ह्युगो 2013 चा. कुबर्नेटीससारख्या अवाढव्य प्रकल्पाची साइट ह्युगोवर आहे, म्हणजे हे फक्त गरिबाघरचं साधन नव्हे.

## माटोळीला किती टांगायचं?

वर्डप्रेस एवढं पसरलं ते प्लगइनमुळे. प्लगइन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला वरून जोडायचा तुकडा. संपर्काचा अर्ज हवा, जोडा. फोटोंची सरकती पट्टी हवी, जोडा. दोन भाषा हव्यात, त्यालाही प्लगइन.

चवथीला आपण माटोळी बांधतो ना, तसंच हे. लाकडी चौकट भक्कम असते. तिला सुपारीचा घड, नारळांचा घोस, तोरिंग, रानातली कांगलां असं एकेक टांगत जातो. प्रत्येक गोष्ट वेगळ्या माणसानं आणलेली, वेगळ्या दोरीनं बांधलेली. एखादी गाठ सैल असली तर पडतं ते नेमकं गणपतीच्या पुढ्यात. वर्डप्रेसची चौकट चांगली आहे, अनेक जाणती माणसं ती सांभाळतात. धोक्याच्या फटी बहुतांश सापडतात त्या प्लगइनमध्ये. कारण एखादं प्लगइन कुणा एकट्यानं हौसेनं लिहिलेलं असतं आणि एक दिवस त्याची हौस संपते.

आमची गाठ सैल होती. आमची पहिली साइट वर्डप्रेसवर होती, कॉलेजातल्या एका हुशार मुलानं दोन रात्रींत उभी केलेली. सुंदर दिसायची. त्यावर एकोणीस प्लगइन टांगलेली होती. तीन वर्षांपूर्वी चवथीच्या दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या एका डीटीपीवाल्याचा फोन आला. "ताई, तुमची साइट उघडली की पत्त्यांचा जुगार येतो." मी घरच्या संगणकावर उघडून बघितली. व्यवस्थित. त्याला वाटलं मी खोटं बोलतेय, मला वाटलं त्याच्या फोनमध्येच काहीतरी घुसलंय. मग लक्षात आलं: पत्ता थेट टाकला तर आमचीच साइट दिसायची. फोनवर गूगलमधून शोधून आलं तरच जुगाराची जाहिरात यायची. मालकाला दिसू नये अशी पक्की व्यवस्था केलेली. फोटो सरकवणाऱ्या एका प्लगइनमधून कुणीतरी आत शिरलं होतं. त्या प्लगइनला दोन वर्षांत नवी आवृत्ती आली नव्हती आणि आमच्यापैकी कुणीही ते तपासलं नव्हतं.

खरी पंचाईत पुढे होती. सर्व्हरचं खातं त्या मुलाच्या ईमेलवर. तो बेंगळुरूला नोकरीला, सुट्टीवर, फोन बंद. सर्व्हर भाड्यानं देणारी कंपनी म्हणाली, खातेदाराशिवाय कुणाशी बोलणार नाही. त्यांचंही बरोबरच होतं. आमच्या घरचा गणपती पाच दिवसांचा. विसर्जन झालं, पाहुणे गेले, तरी साइटवर जुगार चालूच. नऊ दिवस.

## प्रकल्पाच्या साइटला वेगळं काय लागतं?

हॉटेलच्या साइटवर कुणी घुसलं तर हॉटेलवाल्याचं नुकसान. सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या साइटवर घुसलं तर प्रत्येक वापरकर्त्याच्या घरात घुसता येतं, कारण लोक तिथून प्रोग्राम उतरवून घेतात आणि विश्वासानं चालवतात.

20 फेब्रुवारी 2016 ला लिनक्स मिंटच्या बाबतीत हेच झालं. मिंट ही जगभर वापरली जाणारी संगणक प्रणाली. तिच्या वेबसाइटच्या वर्डप्रेसमधून हल्लेखोर आत शिरले. मिंटच्या मूळ कोडला त्यांनी हात लावला नाही. फक्त उतरवून घ्यायच्या पानावरचा दुवा बदलला, जो आता मागचं दार बसवलेल्या नकली प्रतीकडे नेत होता. त्या दिवशी साइटवरून मिंट 17.3 ची सिनॅमन आवृत्ती घेणारे फसले. वर्डप्रेस जुनं नव्हतं, असं प्रकल्पानं नंतर सांगितलं. जोडलेली थीम (साइटचं रूप ठरवणारा तुकडा) आणि फाइलींच्या ढिल्या परवानग्या यांत फट होती. वर्षानुवर्षं शेकडो लोकांनी तपासलेला कोड एका बाजूला, आणि एका पानावरचा एक दुवा दुसऱ्या बाजूला.

म्हणून उतरवून घ्यायचं पान ऑम्लेटच्या तव्यावर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. तयार भाजलेल्या पानावर, ज्याच्यामागे डेटाबेस नाही आणि पासवर्डची खिडकी नाही, हल्ला करायला जागाच कमी उरते. अशक्य होतो असं मी म्हणत नाही. फाइली ठेवलेल्या खात्याचाच पासवर्ड चोरीला गेला तर पाव काय आणि ऑम्लेट काय.

दुसरी गरज सूचनापानांची. आवृत्ती बदलली की सूचना बदलतात, पण जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला जुन्याच सूचना लागतात. या बाबतीत कोड जिथे राहतो तिथेच सूचनाही ठेवणं सोयीचं. कोड बदलणारा त्याच फेरीत सूचनाही बदलतो आणि कुणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप राहते. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या सूचनापानांसाठी स्फिंक्स नावाचं साधन 2008 मध्ये झालं ते याच विचारानं. आज कितीतरी प्रकल्प ते वापरतात.

## "पण वर्डप्रेस तर फुकट आहे!"

आहे. ड्रुपल, ह्युगो, जुमला, सगळंच फुकट आहे. खर्च होतो तो माणसांच्या संध्याकाळींचा.

खाजन शेती ज्यांनी पाहिलीय त्यांना हे सांगावं लागणार नाही. नदीकाठच्या खाऱ्या पाण्यातून पूर्वजांनी जमीन मिळवली. मातीचे बांध घातले, बांधाला मानस बसवली. मानस म्हणजे लाकडी दाराची मोरी. भरतीचं पाणी दार ढकलून आपोआप बंद करतं, ओहोटीला दार उघडून शेतातलं पाणी बाहेर जातं. पण बांध एकदा घातला आणि झालं, असं कधीच नसतं. दरवर्षी चिखल लावायचा, खेकड्यांची बिळं बुजवायची, मानशीची दारं बघायची. एका पावसाळ्यात दुर्लक्ष झालं आणि खारं पाणी आत आलं की ती शेतं वर्षानुवर्षं पिकत नाहीत.

वर्डप्रेसला अशी मानस आहे. ऑक्टोबर 2013 च्या 3.7 आवृत्तीपासून सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या आपोआप बसतात. 2020 च्या 5.5 पासून प्लगइनही आपोआप अद्ययावत करायची सोय आली, पण ती आपण चालू करावी लागते. आमच्या साइटवर ती बंद होती. अर्थात चालू असती तरी ज्या प्लगइनला नवी आवृत्तीच येत नव्हती ते कशानं सुधारणार?

घाई किती करावी लागते त्याचं ड्रुपलचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. 15 ऑक्टोबर 2014 ला ड्रुपल 7 मधली एक गंभीर फट आणि तिची दुरुस्ती जाहीर झाली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्याच सुरक्षा गटानं सांगितलं: घोषणेनंतर सात तासांच्या आत दुरुस्ती बसवली नसेल, तर तुमच्या साइटवर कुणीतरी घुसलंय असंच धरून चाला. सात तास! घोषणा झाली तेव्हा आपल्याकडे रात्र होती. पगारी माणूस ठेवलेल्या संस्थेला हे कदाचित जमेल. पाच हौशी माणसांच्या प्रकल्पाला नाही जमणार.

आणि आवृत्ती बदलायची वेळ येते तेव्हा? ड्रुपल 7 वरून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे घराला रंग काढणं नव्हतं, घर पाडून बांधणं होतं. म्हणून तर त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. काही जणांनी 7 चाच धागा पुढे नेत बॅकड्रॉप नावाचं वेगळं सीएमएस केलं, त्याची पहिली आवृत्ती 2015 मध्ये आली. मुक्त स्रोताची हीच तर खरी ताकद: मूळ घर सोडलं तरी गावकऱ्यांना तीच विहीर पुढे वापरता येते.

## "सगळे वापरतात ते वाईट कसं असेल?"

वाईट नाहीच. रोज नव्या बातम्या टाकायच्या असतील, लिहिणारे दहा जण असतील आणि त्यातल्या कुणाला कोडशी देणंघेणं नसेल, तर वर्डप्रेससारखी सोय नाही. मराठीत त्याचा आतला सगळा कारभार उपलब्ध आहे, मदत करणारा माणूस गावात सापडतो. असं असेल तर जरूर घ्या. फक्त प्लगइन पाच-सहाच्या वर नेऊ नका, आणि प्रत्येकाची शेवटची आवृत्ती कधी आली ते बसवण्याआधी बघा.

ड्रुपल मी सुचवीन ते विद्यापीठासारख्या पसाऱ्याला. जिथे शंभर विभाग, प्रत्येकाचे अधिकार वेगळे आणि देखभालीला नेमलेली माणसं आहेत. 2015 च्या आठव्या आवृत्तीपासून अनेक भाषांची सोय ड्रुपलच्या गाभ्यातच आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. लहान प्रकल्पानं ड्रुपल घेणं म्हणजे दोन माणसांच्या घराला देवळाचं स्वयंपाकघर.

सीएमएस आपणच लिहू, असं म्हणणारे तरुण भेटतात. त्यांच्या उत्साहाचं मला कौतुक आहे. पण मग प्रकल्प एकाचे दोन होतात, आणि मूळचा मागे पडतो.

## मास्तरांचा हॅश

आता स्थिर साइटवरचा सगळ्यात वाजवी आक्षेप: हे संगणकवाल्यांना ठीक, बाकीच्यांनी लिहायचं कसं?

जुगाराच्या प्रकरणानंतर आम्ही ह्युगोवर आलो. मराठी सूचना लिहायचं काम सावईवेऱ्याच्या एका निवृत्त मास्तरांकडे होतं. त्यांचं मराठी असं की वाचणाऱ्याला काही विचारायला उरत नाही. स्थिर साइटचा मजकूर मार्कडाउन नावाच्या सोप्या पद्धतीत लिहितात. मथळ्याआधी हॅशचं चिन्ह, यादीतल्या ओळीआधी तारा, बस. मी त्यांना फोनवर समजावून सांगितलं. पाच मिनिटांत होईल म्हटलं.

"टाकला का हॅश, मास्तर?"

"टाकला, बाय. पण इथे ठिपक्यांचं वर्तुळ आलंय आणि त्याच्या पोटात रकाराची काडी."

"आणि तारा?"

"ताऱ्याचा 'श्र' झाला."

मला कळेना. मग त्यांच्या घरी गेले, त्यांच्या शेजारी बसले. मास्तर विंडोजवर इन्स्क्रिप्ट कळफलक वापरतात. त्यात शिफ्ट धरून 3 दाबलं की हॅश येत नाही, जोडाक्षरातला रकार येतो. 8 दाबलं की तारा येत नाही, 'श्र' येतो. म्हणजे प्रत्येक मथळ्याला कळफलक इंग्रजीवर न्यायचा, चिन्ह टाकायचं, परत मराठीवर यायचं. एका पानात असं त्यांनी बेचाळीस वेळा केलं होतं, तक्रार न करता. त्या बेचाळीस फेऱ्या बघून मला फार वाईट वाटलं. ज्यांनी 'सोपी पद्धत' म्हणून ती बनवली त्यांच्या टेबलावर मराठी कळफलक नव्हता, आणि मीही तो डोळ्यांपुढे आणला नाही.

यावर उपाय आहे. डेकॅप नावाचं एक मुक्त साधन आहे, 2023 पर्यंत त्याचं नाव नेटलिफाय सीएमएस होतं. ते स्थिर साइटला लिहायची खिडकी जोडून देतं. मास्तरांना दिसतं ते साधं पान: वर 'मथळा', 'ठळक', 'यादी' अशी बटणं. ते लिहितात, बटण दाबतात, मागे मजकूर मार्कडाउन होऊन कोडच्या कोठारात जमा होतो आणि पानं नव्यानं भाजली जातात. बसवताना आमचा एक रविवार गेला. लॉगिनची जुळणी जरा किचकट आहे. पण मास्तरांना हॅश पुन्हा टाकावा लागला नाही.

## मराठीत साइट करताना काय बघावं?

इंग्रजीतल्या तुलनांत हे मुद्दे सापडत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगते.

पानाचा पत्ता मराठीत ठेवला तर आत तो टक्क्याच्या चिन्हांत बदलतो. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. 'मदत' या तीन अक्षरांची सत्तावीस. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला दोनशे चिन्हांची मर्यादा आहे. काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं, त्यामुळे बाविसेक खुणांत पत्ता संपतो. आमच्या एका पानाचं नाव होतं 'जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा'. त्याचा पत्ता 'मजकूर'पाशी संपला आणि पुढे एकटा 'य' लोंबकळत राहिला. तेव्हापासून आम्ही मथळा मराठी आणि पत्ता छोटासा रोमन ठेवतो. देवनागरीचा अभिमान मलाही आहे, पण व्हॉट्सॲपवर पाठवलेला दुवा नऊ ओळींचा झाला तर कुणी उघडत नाही.

दुसरं, भाषेची खूण. प्रत्येक पानात त्याची भाषा संकेतानं सांगायची असते. मराठीचा एक, कोंकणीचा दुसरा. दोन्हींची लिपी एकच, त्यामुळे खूण चुकली तर ते डोळ्यांना दिसत नाही. पण पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकाला भलत्याच उच्चारांत ऐकावं लागतं. ह्युगोत प्रत्येक भाषेची वेगळी फाइल ठेवता येते, ही सोय गाभ्यातलीच आहे. वर्डप्रेसच्या गाभ्यात एका साइटवर दोन भाषांची सोय नाही, त्याला प्लगइन लागतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: शिळं झालेलं भाषांतर. इंग्रजी पान सुधारलं, मराठी तसंच राहिलं, वाचक जुन्या सूचना पाळून फसला. डेबियन हा संगणक प्रणाली बनवणारा, 1993 पासूनचा स्वयंसेवकांचा प्रकल्प यावर फार सुंदर उपाय वापरतो. प्रत्येक भाषांतरित पानाच्या डोक्यावर ते मूळच्या कोणत्या आवृत्तीवरून केलं याची नोंद असते. मूळ पान फार पुढे गेलं की भाषांतरावर आपोआप सूचना येते: हे पान जुनं झालंय, मूळ बघा. डेबियनची साइटही तयार भाजलेल्या पानांचीच. आम्ही ही पद्धत उचलली. मराठी फाइलीत मूळ पानाची तारीख लिहितो, आणि मूळ बदललं की पानावर पिवळी पट्टी येते.

## "मुक्त प्रकल्प, आणि साइट दुसऱ्याच्या अंगणात?"

गिटहब या कोड ठेवायच्या सेवेच्या 'पेजेस'वर स्थिर साइट फुकट ठेवता येते. पण गिटहब 2018 पासून मायक्रोसॉफ्टचं आहे. मग आपण मुक्त म्हणवून घ्यायचं आणि त्यांच्या दारात बसायचं? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. ज्यांना तो फार टोचतो त्यांच्यासाठी बर्लिनमधल्या एका ना-नफा संस्थेची कोडबर्ग ही सेवा आहे, तिथेही पानं ठेवता येतात.

माझ्या मते अंगण कुणाचं यापेक्षा निघताना काय बरोबर नेता येतं ते बघावं. स्थिर साइट म्हणजे फाइलींची पिशवी. उचलली, दुसरीकडे ठेवली, संपलं. बटणं ओढून साइट बनवून देणाऱ्या बंदिस्त सेवांत नेमकं हेच जमत नाही: मजकूर कसाबसा निघतो, मांडणी तिथेच राहते.

वर्डप्रेसच्या 2024 च्या भांडणातही मुद्दा अंगणाचाच होता. मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही साइटी सांभाळणारी कंपनी यांच्यात जुंपली. वर्डप्रेसचा कोड सगळ्यांचा, पण प्लगइन आणि दुरुस्त्या जिथून मिळतात ती साइट मुलनवेग यांच्या ताब्यात. सप्टेंबरमध्ये त्या कंपनीला तिथे बंदी झाली. तिच्याकडे साइटी ठेवणाऱ्या, भांडणाशी संबंध नसलेल्या लोकांच्या दुरुस्त्या अडल्या. ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीचं एक लोकप्रिय प्लगइन त्या साइटवर परस्पर दुसऱ्या नावानं चालवायला घेतलं गेलं. डिसेंबरमध्ये कोर्टानं तात्पुरता आदेश देऊन बंदी उठवायला लावली. जमीन गावकरीची, म्हणजे सामायिक, असली तरी मानशीची किल्ली एकाच्या कंबरेला असेल तर काय होतं, ते गोव्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

## आमच्या वहीचं पहिलं पान

आता कुणी विचारलं की मी आधी सीएमएसचं नाव सांगत नाही. विचारते: तीन वर्षांनी, तू नोकरीला बाहेर गेल्यावर, हे कोण बघणार? चवथीत, मेच्या सुट्टीत, परीक्षेच्या दिवसांत कोण? मजकूर लिहिणारं माणूस कोण, आणि त्याचा कळफलक कोणता? उत्तरात एकच नाव येत असेल तर मी पोदेराकडे पाठवते. पाच नावं येत असतील आणि रोज लिहायचं असेल तर वर्डप्रेस.

आणि एक वही करायला लावते, कागदाची. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नाव, त्याची मुदत संपायची तारीख, ते कुणाच्या नावावर आहे आणि दुसऱ्या कुणाकडे प्रवेश आहे, एवढंच लिहिलंय. पासवर्ड वहीत नाहीत, ते दोघांच्या पासवर्ड-पेटीत आहेत. दुसऱ्या पानावर साइट दुसरीकडे हलवायच्या पायऱ्या. गेल्या मेमध्ये आमच्यातल्या सगळ्यात नवख्या मुलीला ती वही दिली आणि कुणाला काही न विचारता साइट नव्या जागी उभी कर म्हटलं. सकाळी दहाला बसली. मधे दोनदा वीज गेली. चारच्या सुमारास तिनं दुवा पाठवला. सगळी पानं जागेवर होती, फक्त मास्तरांच्या एका पानावर पिवळी पट्टी होती. मास्तरांनी त्याच रात्री ते पान सुधारलं.